पाच संगणक, एक टॅली आणि साडेचार लाखांचे कोटेशन: आधी काय करावे?

प्रश्न: शिरोली_मशीनिंग

सर्वांना नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे मशीनिंग जॉबवर्कचे छोटे युनिट आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केलेल्या या कामात आज दोन सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर, एक व्हीएमसी (उभे मशीनिंग सेंटर) आणि आमच्यासह ११ माणसे आहेत. आसपासच्या फाउंड्रींकडून कास्टिंग चलनावर येते आणि मशीनिंग करून आम्ही ते परत पाठवतो. कार्यालयात चार संगणक आहेत: एकावर टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एकावर चलने आणि मालवाहतुकीची ई-वे बिले, एकावर ड्रॉइंग व प्रोग्रॅमिंग, आणि एक माझा. पाचवा शॉप फ्लोअरवर आहे. त्यावर अजून विंडोज एक्सपी असून त्यातून केबलने सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पाठवले जातात.

गेल्या महिन्यात टॅलीच्या संगणकाची हार्डडिस्क गेली. सकाळी बटण दाबल्यावर आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येत राहिला आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. हिशेब पाहणाऱ्या ताई रोज संध्याकाळी न चुकता बॅकअप घेत होत्या. परंतु तो डी ड्राइव्हमध्ये जात होता, आणि डी ड्राइव्ह हा त्याच डिस्कचा दुसरा भाग असतो हे त्यांना किंवा मला ठाऊक नव्हते. सीएंच्या कार्यालयात मागच्या तिमाहीपर्यंतची प्रत होती म्हणून निभावले. तरीही सात आठवड्यांची चलने, खरेदीची बिले आणि बँकेच्या नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या. त्यासाठी ताई ११ दिवस रात्री आठपर्यंत बसल्या.

या प्रकारानंतर आमच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांनी कोटेशन दिले आहे: पाच नवे संगणक, एक सर्व्हर, फायरवॉल (नेटवर्कचे संरक्षण करणारे उपकरण) आणि क्लाउड बॅकअप मिळून साडेचार लाख रुपये, शिवाय वार्षिक देखभाल वेगळी. ते नऊ वर्षांपासून येतात आणि रात्री फोन केला तरी उचलतात, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे सर्व यंत्रे बदलणे भाग आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. तथापि एवढ्या रकमेत माझ्या एका मशीनचे वर्षभराचे टूलिंग येते. यातले खरोखर आवश्यक काय, आणि कोणत्या क्रमाने करावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: इचलकरंजी_सूत

आपला प्रसंग वाचून वाईट वाटले. सुताच्या व्यापारात आम्हीही असाच एक फटका खाल्ला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोटेशन काही दिवस बाजूला ठेवा आणि एका कागदावर आपली कामे लिहा: चलन बनवणे, ई-वे बिल काढणे, टॅलीत नोंद, मशीनला प्रोग्रॅम पाठवणे, ग्राहकांचे ड्रॉइंग उघडणे, पगार. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा. हे काम बंद पडले तर आपण किती वेळ तग धरू शकतो, आणि त्यातली माहिती गेली तर ती पुन्हा कशावरून उभी करता येईल. टॅली दोन दिवस बंद राहिली तर गैरसोय होईल, पण माल अडणार नाही. ई-वे बिलाचा संगणक बंद पडला तर गाडी फाटकातच उभी राहील. मात्र ते काम ब्राउझरमधून दुसऱ्या कोणत्याही संगणकावर होते, म्हणजे तिथे नव्या यंत्रापेक्षा दुसऱ्या माणसाला ते काम येणे महत्त्वाचे आहे. ड्रॉइंग आणि सिद्ध झालेले प्रोग्रॅम गेले तर ते कोणत्याही कागदावरून परत येणार नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडची सर्वांत मौल्यवान माहिती तीच आहे, आणि आपल्या प्रश्नात तिच्या बॅकअपचा उल्लेखही नाही.

बॅकअपसाठी याच आठवड्यात दोन पोर्टेबल हार्डडिस्क घ्या. एक कार्यालयात, एक घरी. दर शनिवारी अदलाबदल. कार्यालयातली डिस्कही काम झाल्यावर काढून कपाटात ठेवा, कारण संगणकाला कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) हल्ल्यात संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. त्यासोबत टॅलीने तयार केलेली बॅकअपची फाइल रोज गुगल ड्राइव्हवर किंवा तशा सेवेवर चढवा. टॅलीचे चालू डेटा फोल्डरच सिंक करण्याचा मोह मात्र टाळा. टॅली त्या फाइलींमध्ये लिहीत असतानाच त्या वर जाऊ लागल्या तर डेटा बिघडू शकतो, आणि खाली बिघडलेली किंवा पुसलेली फाइल वरही तशीच पोहोचते. गुगल ड्राइव्ह जुन्या आवृत्त्या ठेवते, पण साधारण ३० दिवसच.

घरची प्रत हवीच, याचे कारण शिरोलीकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळच पाण्याखाली गेला होता. त्या दिवसांत कारखान्यापर्यंत पोहोचताच येत नव्हते, मग तिथल्या कपाटातली डिस्क सुरक्षित असूनही काय उपयोग?

आता सर्वांत महत्त्वाचे. महिन्यातून एकदा बॅकअपमधून टॅलीतली आपली कंपनी (म्हणजे सगळे हिशेब) परत उघडून पाहा. हे दुसऱ्या संगणकावर करा, किंवा त्याच संगणकावर नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये. मूळ डेटाच्या जागीच रिस्टोअर केले तर नंतरच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील आणि नवीनच संकट उभे राहील. उघडल्यानंतर शेवटच्या बिलाचा क्रमांक आणि बँकेची शिल्लक पडताळा. आमच्याकडे तीन वर्षे बॅकअप घेतला जात होता, आणि गरज पडली त्या दिवशी पेन ड्राइव्हवर टॅलीच्या डेटाऐवजी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट निघाला.

उत्तर २: नाशिक_संगणक_सेवा

मी स्वतः लहान व्यवसायांना संगणक सेवा देतो, त्यामुळे आपल्या तंत्रज्ञांच्या बाजूनेही थोडे लिहितो. ग्राहकाचा डेटा गेला की पहिला शब्द आम्हालाच ऐकावा लागतो, म्हणून घाबरून आम्ही कोटेशनमध्ये सगळेच घालतो. त्यांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. तरीही त्या कोटेशनशी मी सहमत नाही.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे खरे आहे. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पण त्यानंतर सापडलेल्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत, म्हणून ज्या संगणकावर बँक आणि ईमेल उघडले जाते तो तसाच चालवत राहणे योग्य नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. टीपीएम अनेक यंत्रांत असते, फक्त बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रांत ते पीटीटी या नावाने दिसते. त्यामुळे पाचही यंत्रे बदलायची असे ठरवण्यापूर्वी प्रत्येकाचा प्रोसेसर पाहून घ्या. एखाद्या यंत्राला थोडीच मुदत हवी असेल तर मायक्रोसॉफ्ट व्यवसायांना वाढीव अद्यतने विकते, पण पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, असा तो दर आहे. जुन्या यंत्रासाठी दुसऱ्या वर्षाचे पैसे भरणे मला तरी पटत नाही.

सर्व्हर आपल्याला लागणार नाही. आपल्याकडे टॅली एकाच संगणकावर चालते. उद्या दोघांना एकाच वेळी बसायचे झाले तर टॅलीचा गोल्ड (अनेकांनी वापरायचा) परवाना आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला एक चांगला संगणक पुरेसा आहे. साध्या विंडोजच्या परवान्यातही २० पर्यंत उपकरणांना फाइली आणि प्रिंटर वापरू देता येतात. सर्व्हर आला की त्याचा परवाना, त्याचा मोठा यूपीएस आणि तो समजणारा माणूस, हे सगळे मागोमाग येते.

फायरवॉलपेक्षा आधी एक विचारा: घरून टॅली पाहता यावी म्हणून कोणी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडून ठेवले आहे का? असल्यास आजच बंद करून घ्या. रॅन्समवेअर आत शिरण्याचा हा फार वापरला जाणारा मार्ग आहे. दूरून दुरुस्तीसाठी बसवलेल्या ॲपचा कायमचा पासवर्ड ठेवलेला असेल तर तोही बदला. विंडोज किंवा ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर क्रॅक करून चालवलेले असेल तर ते काढा, कारण तो क्रॅक चालावा म्हणून बहुतेक वेळा अँटिव्हायरसच बंद केलेला असतो, आणि नंतर तो पुन्हा सुरू करायची आठवण कोणालाच राहत नाही.

देखभाल कराराबद्दल थोडक्यात: तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल, सुटे भाग करारात आहेत की वेगळे, यंत्र दुरुस्तीला गेल्यास बदली संगणक मिळेल का, आणि बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणाची, हे चार मुद्दे लेखी घ्या. शेवटचा मुद्दा बहुतेक करारांत नसतो. ताईंना वाटत होते ते त्यांचे काम आहे आणि तंत्रज्ञांना वाटत होते ते ताईंचे, असेच आपल्याकडे झाले असावे. आणि एक विनंती: सल्ल्याचे पैसे वेगळे द्या. आम्हाला केवळ यंत्र विकल्यावरच चार पैसे मिळणार असतील, तर “काही घेऊ नका” असे सांगणे फार जड जाते.

शिरोली_मशीनिंग

दोघांचे मनापासून आभार. आज प्रोसेसर पाहिले. माझा आणि ड्रॉइंगचा संगणक आठव्या पिढीच्या पुढचे आहेत, म्हणजे ते राहतील. टॅलीचा चौथ्या आणि चलनांचा तिसऱ्या पिढीचा आहे. राउटरमध्ये ते पोर्ट खरोखरच उघडे होते; करोनाच्या काळात सीएंसाठी उघडले होते आणि तसेच राहून गेले. आज ते बंद करून घेतले. आता प्रश्न उरला शॉप फ्लोअरवरच्या एक्सपीच्या संगणकाचा. तोही बदलावा का?

उत्तर ३: ठाणे_सल्लागार

माझा सल्ला थोडा वेगळा आहे. टॅलीसह सगळे क्लाउडवर न्या आणि कार्यालयात फक्त साधे लॅपटॉप ठेवा. माझ्या सहा जणांच्या कार्यालयात आम्ही चार वर्षांपूर्वी हेच केले. डिस्क, बॅकअप, यूपीएस या चिंता संपल्या, आणि घरूनही काम करता येते.

इचलकरंजी_सूत

ठाण्यातील सल्लागार कार्यालयासाठी हे योग्यच आहे. औद्योगिक वसाहतीत मात्र रस्ता खोदला की फायबर तुटतो आणि दिवसभर इंटरनेट नसते. त्या वेळी ई-वे बिल मोबाइलच्या इंटरनेटवर काढता येते. पण चलन आणि हिशेबही त्याच तारेवर टांगले तर सगळेच थांबेल. शिवाय क्लाउडवर गेले तरी स्वतःकडे एक प्रत ठेवण्याचे काम सुटत नाही.

उत्तर ४: भोसरी_सीएनसी_देखभाल

मी २२ वर्षे सीएनसी मशीनची देखभाल करत आहे. संगणकाच्या चर्चेत ही बाजू नेहमी राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

एक्सपीचा संगणक घाईने बदलू नका. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आहे, त्यामुळे तो इंटरनेटला जोडलेला असेल तर आजच ती तार काढा. पण मशीनला प्रोग्रॅम पाठवणे एवढेच त्याचे काम असेल, तर एकटा ठेवलेला तो संगणक आणखी काही वर्षे काम देईल. त्याच्या मागे खरे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट आहे. नव्या संगणकात ते नसते, यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि काही कन्व्हर्टर लांब प्रोग्रॅमच्या मध्येच अडकतात. मशीन अर्ध्या कटवर असताना तसे झाले तर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे नवा संगणक आणि कन्व्हर्टर आधी सुट्या प्रोग्रॅमवर महिनाभर चालवून पाहा, जुना तोवर हलवू नका. दरम्यान त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ती खोक्यात ठेवा. तो बंद पडेल त्या दिवशी ती डिस्क बसवून अर्ध्या तासात काम सुरू होईल. ड्रॉइंगच्या संगणकातून प्रोग्रॅम आणण्यासाठी एकच पेन ड्राइव्ह राखून ठेवा, त्यावर खूण करा, आणि तो दुसरीकडे कुठेही लावू नका.

ती केबल लावताना-काढताना संगणक आणि मशीन दोन्ही बंद असावीत. दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर सुरू असताना केबल लावल्याने पोर्ट जळते, आणि मशीनच्या बाजूचे पोर्ट जळले तर तो खर्च संगणकाच्या कितीतरी पट असतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या सीएनसी कंट्रोलरमध्ये पॅरामीटर (मशीनची मूळ सेटिंग), टूल ऑफसेट (हत्यारांची मापे) आणि प्रोग्रॅम कोणत्या आधारावर टिकतात, हे आपण पाहिले आहे का? फॅनक कंपनीच्या आणि तशा इतर अनेक कंट्रोलरमध्ये ही माहिती एका लहान बॅटरीवर टिकते. बॅटरी उतरू लागली की पडद्यावर बॅटरीचा इशारा लुकलुकतो. ऑपरेटर तो पाहतो आणि काम चालू आहे म्हणून सोडून देतो. मग दिवाळीच्या सुट्टीत मशीन चार दिवस बंद राहते, आणि पाडव्यानंतर सुरू केली की पॅरामीटर गेलेले असतात. त्यातील पिच एरर कॉम्पेन्सेशनसारखी (स्क्रूतील चूक भरून काढणारी) मूल्ये प्रत्येक मशीनची स्वतंत्र असतात. ती दुसऱ्या मशीनवरून उचलता येत नाहीत. माझ्या पाहण्यात असे एक मशीन नऊ दिवस उभे राहिले, कारण ज्या कागदावर मूल्ये छापली होती तो कंट्रोल पॅनेलच्या दारामागे चिकटवलेला होता आणि कूलंटने पुसून गेला होता.

म्हणून तिन्ही मशीनचे पॅरामीटर, लॅडर (मशीनचा अंतर्गत नियंत्रण प्रोग्रॅम), मॅक्रोची मूल्ये आणि सगळे प्रोग्रॅम कार्डवर किंवा यूएसबीवर काढून घ्या आणि वर सांगितलेल्या दोन्ही डिस्कवर ठेवा. वर्षातून एकदा बॅटरी बदला, आणि ती बदलताना कंट्रोलरचा वीजपुरवठा चालू ठेवा. बंद करून बॅटरी काढली तर मेमरी तिथेच पुसली जाऊ शकते. सर्व्हो ॲम्प्लिफायरमध्येही स्वतंत्र बॅटरी असू शकते, आणि ती गेली तर अक्षांचे संदर्भ बिंदू पुन्हा लावावे लागतात. बदलल्याची तारीख पॅनेलवर मार्करने लिहा. या सगळ्याला साडेचार लाखांतले काही हजारही लागणार नाहीत.

जाता जाता एक: कार्यालयातले संगणक आणि कॉम्प्रेसर एकाच लाइनवर असतील तर ते वेगळे करा. आपली डिस्क वयाने गेली की दर वेळी कॉम्प्रेसर सुरू होताना बसणाऱ्या झटक्यांनी, हे आता कळणार नाही. पण नवी एसएसडी त्याच लाइनवर लावू नका.

उत्तर ५: पुणे_लेखापाल

कायद्याच्या बाजूने थोडे. जीएसटी कायद्यानुसार लेखे आणि कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, त्यामुळे बॅकअपच्या डिस्कवर फक्त चालू वर्ष न ठेवता मागची वर्षेही ठेवा. नोंदींतील प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीचे आहे. मालकी किंवा भागीदारी संस्थेला ती सक्ती नाही. त्यामुळे त्या कारणाने कोणी महागडे सॉफ्टवेअर सुचवत असेल तर आधी आपल्या संस्थेचे स्वरूप त्यांना सांगा.

ई-वे बिल पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना ओटीपीसह प्रवेश करावा लागतो. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे आजच पाहा. एका अशिलाकडे तो नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा होता आणि भरलेला ट्रक संध्याकाळपर्यंत उभा राहिला. चलने बनवणाऱ्यांसाठी त्यांच्या स्वतःच्या क्रमांकावर उप-वापरकर्ता खाते काढून देता येते.

याच न्यायाने डोमेनचे नाव, ईमेलचे मुख्य खाते, टॅलीच्या परवान्याला जोडलेला ईमेल आणि राउटरचा पासवर्ड आपल्या नावावर आहेत का, तेही पाहा. दुरुस्ती करणारे कितीही भले असले तरी या चाव्या मालकाकडेच असाव्यात. आणि एखाद्या पुरवठादाराचा “आमचे बँक खाते बदलले आहे” असा ईमेल आला तर त्या ईमेलमधल्या क्रमांकावर फोन न करता आपल्याकडच्या जुन्या क्रमांकावर विचारा. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी रोखता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

शिरोली_मशीनिंग

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्यामुळे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

काल ताई आणि मी मिळून माझ्या संगणकावर रिकाम्या फोल्डरमध्ये टॅली रिस्टोअर केली. नव्या दोन डिस्कपैकी एकीवरचा बॅकअप नीट उघडला आणि बँकेची शिल्लक पैशांपर्यंत जुळली. दुसऱ्या डिस्कवरची बुधवारची फाइल उघडलीच नाही; डिस्क सुरक्षित बाहेर काढण्याची आज्ञा न देता तशीच ओढून काढली जात होती. ताईंनी आता ती पायरी लिहून संगणकाच्या कडेला चिकटवली आहे.

व्हीएमसीच्या पडद्यावर बॅटरीचा इशारा लुकलुकत होता. ऑपरेटरला विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, हे गणपतीपासून दिसतंय.” सायंकाळी मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलली, आणि त्याआधी पॅरामीटर कार्डवर काढून घेतले. दोन्ही टर्निंग सेंटरचे येत्या रविवारी काढणार आहोत.

तंत्रज्ञांना बोलावून हा सगळा धागा वाचायला दिला. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती, पण त्यांनी शांतपणे वाचून नवे कोटेशन दिले: टॅली आणि चलनांसाठी एसएसडीचे दोन संगणक, दोन यूपीएस, कार्यालयासाठी वेगळी लाइन, आणि देखभाल करारात दरमहा बॅकअप उघडून दाखवण्याची अट. सर्व्हर आणि फायरवॉल त्यात नाहीत. महिन्यातून एकदा सल्ल्यासाठी येण्याचे पैसे मी त्यांना वेगळे देणार आहे. एक्सपीच्या संगणकाची तार काढली आहे; त्याच्या डिस्कची प्रत झाली की इथे लिहितो.